ओंडक्यावरील शिक्का व संहितेवरील नांव

चांद्याचें सागवान बल्लारपूरच्या डेपोंत ज्यानें पाहिलें असेल, त्याला ओंडक्याच्या तोंडावर हातोड्यानें उमटविलेला शिक्का ठाऊक असेलच. असा शिक्का कपटानें बनविणें वा पुसणें हा 1927 च्या वन अधिनियमान्वयें गुन्हा आहे. परंतु ओंडका आरागिरणींत गेला कीं शिक्का भुशांत जातो आणि फळीवर कांहीं उरत नाहीं. म्हणून मालाबरोबर वाहतुकीचा परवाना चालावा लागतो. हा परवाना किती मोलाचा असतो तें गडचिरोलींतील मेंढा (लेखा) गांवास विचारावें. सुमारें 1,800 हेक्टर वनावरील सामूहिक हक्क त्यास 2009 सालीं मिळाला. बांबू बाहेर नेण्याचें परवाना-पुस्तक मात्र 2011 च्या एप्रिलांत हातीं आलें!

संगणकाच्या मुक्त आज्ञावलींत हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. एम्. आय्. टी. परवाना सांगतो कीं, आज्ञावली घ्या, बदला, विका. मात्र स्वामित्वाची सूचना व परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतींत वा तिच्या महत्त्वाच्या भागांत राहिला पाहिजे. ही अट आली कोठून? आपल्याकडे 1914 च्या कायद्यापासून ग्रंथकर्त्याचा हक्क सूचनेवांचूनच उत्पन्न होतो. अमेरिकेंत मात्र 1 मार्च 1989 पर्यंत सूचना गाळल्यास हक्कच गमावण्याचें भय होतें. 1980 च्या दशकांत तेथें लिहिलेल्या परवान्यांवर त्या भयाची छाया आहे. पुढें भय गेलें, पण अट राहिली, आणि फुकट देणाऱ्याचा मोबदला तीच ठरली. खेळांतल्या आगगाड्या चालविणाऱ्या एका आज्ञावलीवरून तेथें तंटा लागला, तेव्हां 2008 सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, पैसे न घेणाऱ्याच्याही अशा अटी स्वामित्वाच्या कायद्यानें अंमलांत आणतां येतात.

आतां संकेतस्थळांकडे वळूं. सर्व्हरवरच चालणारी संहिता वाचकाकडे जात नाहीं. तेथें प्रत दिली असें म्हणतां येत नाहीं. जावास्क्रिप्ट मात्र प्रत्येक भेटीबरोबर ब्राउझरांत उतरते, आणि ती प्रतच होय. पण पाठविण्यापूर्वीं तिला आकसून लहान करितात व टिपा गाळतात. त्या टिपांतच सूचना असते. आरागिरणीचाच प्रकार! मूळ संहिता दुसरीकडे ठेविली आहे, तेवढें पुरे, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. अट प्रतीविषयीं आहे, भांडाराविषयीं नव्हे. आकसलेल्या फाइलीच्या माथ्यावर सूचना ठेवावी, किंवा परवान्यांची स्वतंत्र फाइल तिच्याबरोबर द्यावी.

या बाबतींत अक्षरांचे परवाने अधिक समंजस आहेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हा देवनागरी टंक ज्या ओपन फाँट लायसन्सखालीं मिळतो, त्यांत सूचना स्वतंत्र मजकुरांत, शीर्षांत वा टंकाच्या पोटांतील माहितीच्या रकान्यांत ठेविली तरी चालते. फक्त ती वापरणाऱ्यास सहज दिसली पाहिजे. एम्. आय्. टी.च्या लेखकांनीं एवढें एक वाक्य अधिक लिहिलें असतें तर पुष्कळ वाद टळला असता.