उच्चदाब प्राणवायू उपचारातील छातीची नळी

फुफ्फुसावरणाच्या पोकळीत साठलेली हवा वा द्रव बाहेर काढणारी नळी. रुग्णालयातल्या बोलीत ‘आयसीडी’. वॉर्डात ती रोजची गोष्ट. वाढवलेल्या दाबाखाली प्राणवायू देणाऱ्या उच्चदाब कक्षात मात्र तिचे वागणे बदलते.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेला, म्हणून या उपचारासाठी आणलेला रुग्ण घ्या. छाती दाबून त्याचे हृदय चालू करताना बरगडी मोडते, फुफ्फुसाला इजा होते आणि वातवक्ष होतो, म्हणजे फुफ्फुसावरणाच्या पोकळीत हवा साठते. अशा रुग्णाला नळी घातल्याशिवाय कक्षात नेणे निषिद्ध आहे.

कारण बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमात आहे: दाब वाढला की वायू आकसतो, उतरला की फुगतो. २.४ वातावरण दाबाखाली छातीत अडकलेली १०० मिलिलिटर हवा बाहेरच्या दाबावर येईपर्यंत २४० मिलिलिटर होते. तिला वाट नसेल तर फुफ्फुस चेपते, हृदय एका बाजूला ढकलले जाते, रक्तदाब कोसळतो. दाबाखाली शांत दिसणारा रुग्ण दाब उतरताना अचानक धापा टाकू लागतो, तो यामुळेच.

म्हणून नळीला चिमटा लावायचा नाही. रुग्ण हलवताना चिमटा लावायची हाताची सवय इथे जिवावर बेतते.

पाणबंद बाटलीत नळीचे टोक साधारण २ सेंटिमीटर पाण्यात बुडलेले असते. दाब चढू लागला की आतली हवा आकसते आणि पाणी नळीत वर सरकताना डोळ्यांना दिसते. बाटली छातीपेक्षा बरीच खाली ठेवावी, तिचे हवेचे तोंड उघडे असावे आणि दाब सावकाश चढवावा. त्यापेक्षा हाइमलिक झडप सोयीची: ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. मात्र ती उलटी जोडली तर हवा छातीतच कोंडते, आणि तिच्या पुढची पिशवी हवाबंद असली तरी परिणाम तोच.

शोषणयंत्र नियंत्रकाशिवाय जोडू नये; इथे तडजोड नको. वॉर्डात साधारण २० सेंटिमीटर पाण्याइतके शोषण पुरते. पण २.४ वातावरणाच्या कक्षातून नियंत्रकाविना बाहेर काढलेल्या नळीवर सुमारे १,४०० सेंटिमीटरची ओढ बसते.

अनेक रुग्णांच्या कक्षात परिचारक आत असतो. त्रास दिसताच दाब उतरवणे थांबवतात, गरज पडल्यास पुन्हा चढवतात, सुईने हवा काढतात आणि मगच दाब पुन्हा उतरवतात. एका रुग्णाच्या पारदर्शक कक्षात दार उघडेपर्यंत कुणाचाच हात पोहोचत नाही; त्यामुळे जाड सुई आणि नळीचा संच दाराशीच तयार ठेवावा लागतो.