पहाटेच्या सुरावटीचा कर्ता

रेडिओ लावला की पहाटे सर्वांत आधी तंबोरा ऐकू येई आणि त्यावर व्हायोलिनची एक छोटी सुरावट. सा, रे, कोमल गंधार, पंचम, धैवत. शिवरंजनीचे पाचच स्वर. ती ऐकत आपल्याकडे चुली पेटल्या, गोठ्यातली गुरे सुटली. ती बांधली कोणी, हे आम्ही कधी विचारले नाही. आपल्याकडच्याच कोणा उस्तादाची असेल, असे धरून चाललो होतो. पण अभ्यासक तिचे श्रेय ज्यांना देतात ते गृहस्थ बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक देशातले. नाव वॉल्टर काउफमन. (क्वचित दुसरीही नावे घेतली जातात, हे सांगून ठेवले पाहिजे.)

काउफमन यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाद या गरम झऱ्यांच्या गावी, जर्मन बोलणाऱ्या ज्यू घरात झाला. बर्लिनला ते श्रेकर यांच्यापाशी संगीतरचना शिकले. प्रागच्या विद्यापीठात त्यांचा प्रबंध तयार होता. परंतु आपले प्राध्यापक नाझी तरुणांचे पुढारी आहेत असे कळताच त्यांनी पदवी नाकारली. पुढे १९३४ मध्ये ते मुंबईस आले.

त्या मुंबईशी मुळशीचे नाते आपणांस निराळे सांगावयास नको. १९२१ मध्ये येथे सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी तुरुंगवास पत्करला, तरी धरण झाले. आणि १९२७ पासून आपले पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करू लागले. मुंबईच्या दिव्याखाली बसणाऱ्याला मुळा-नीळेच्या खोऱ्यात बुडालेल्या गावांची नावे ठाऊक नसत. तसेच या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नव्हते.

मुंबईत येताच त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात बैठक होई. पियानोवर स्वतः काउफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता. (जगप्रसिद्ध झुबीन मेहता हे यांचेच चिरंजीव.) मे १९३७ पर्यंत अशा १३६ बैठकी झाल्या. पुढे ते मुंबई रेडिओवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत तेथे राहिले. १९३८ साली त्यांनी खास रेडिओसाठी ‘अनसूया’ ही संगीतिका रचली. चित्रपटांनाही संगीत दिले. पण आम्हांस मोलाचे वाटते ते दुसरेच.

आपले गाणे त्यांनी प्रथम ऐकले तेव्हा ते त्यांना परके वाटले, काहीच कळेना. येथे पुष्कळ युरोपियन ‘हे संगीतच नव्हे’ म्हणून मोकळे झाले होते. काउफमन यांनी उलट हिशेब मांडला: ज्या लोकांना हृदय आणि बुद्धी आहे, त्यांतले कितीतरी लोक या गाण्यावर प्रेम करतात, तेव्हा उणीव गाण्यात नसून आपल्या कानात असली पाहिजे. मग त्यांनी त्या कानाला वळण लावण्यासाठी वर्षे खर्च केली. आम्ही पियानो ऐकून तोंड वाकडे करतो तेव्हा असा हिशेब कितीदा मांडतो?

इकडे ते राग शिकत होते, तिकडे १९३८ मध्ये कार्ल्सबाद आणि १९३९ मध्ये प्राग हिटलरच्या हाती गेले. त्यांच्या पत्नी गर्टी या कादंबरीकार काफ्कांच्या भाची. काफ्का १९२४ मध्येच वारले होते. त्यांच्या तिन्ही बहिणी, त्यांत गर्टींच्या आई एलीही, नाझींच्या हत्याकांडात बळी पडल्या. परत जाण्यासारखे घर उरले नाही.

१९४६ मध्ये काउफमन यांनी हिंदुस्थान सोडला. इंग्लंड, मग कॅनडा; विनिपेग शहराचा वाद्यवृंद त्यांनी कित्येक वर्षे चालविला. १९५७ पासून ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवीत होते. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ साली निघाला, दक्षिणेकडील रागांवरचा १९७६ साली. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे ते वारले.

यांपैकी पहिला ग्रंथ तालुक्यातील एखाद्या वाचनालयाने आणवावा, अशी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.