दोन ध्वनिक्षेपक आणि एक आसन : स्टिरिओ श्रवणातील स्थाननिश्चितीचा इतिहास

प्रस्तावना

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या क्रमाने होते. नळकांडे, तबकडी, फीत आणि संगणकीय साधने असे टप्पे त्यात येतात. मुद्रित ध्वनी ज्या खोलीत ऐकला जातो ती खोली, आणि त्या खोलीत ध्वनिक्षेपकाला, म्हणजे लाउडस्पीकरला, दिलेली जागा यांचा विचार त्यात क्वचितच होतो. वास्तविक स्टिरिओ श्रवणात गायक मध्यभागी आणि वादक डावीउजवीकडे असल्याचा जो भास होतो, तो तबकडीत पूर्णपणे साठवलेला नसतो. दोन ध्वनिक्षेपक, खोलीच्या भिंती आणि श्रोत्याचे मस्तक यांच्यातील अंतरांतून तो दर वेळी नव्याने घडतो. ही अंतरे इतिहासात कशी ठरत गेली आणि त्या ओघात अचूक ऐकू शकणाऱ्या श्रोत्यांची संख्या कशी आक्रसत गेली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१. खोलीविना स्टिरिओ

१८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक ओळीने मांडले होते. प्रदर्शनातील श्रोता दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावून गायन ऐकत असे आणि गायकांची हालचाल त्याला जाणवत असे. येथे प्रत्येक कानाला स्वतंत्र ध्वनी मिळत असल्याने खोलीचा प्रश्न उद्भवत नव्हता.

ध्वनीची दिशा कशी कळते याचे शास्त्रीय विवेचन लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केले. कमी कंप्रतेच्या ध्वनीची दिशा दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या तरंगांच्या कलेतील फरकावरून कळते. उच्च कंप्रतेला मस्तकाची सावली पडल्यामुळे तीव्रतेत जो फरक पडतो, तो उपयोगी ठरतो. दोन कानांत पडणारा कालभेद फार तर सुमारे ०.७ मिलिसेकंद असतो. इतक्या सूक्ष्म भेदावर उभा असलेला भास खोलीत मोकळ्या ठेवलेल्या ध्वनिक्षेपकांतून निर्माण करणे, हे पुढील पिढीचे काम होते.

२. ध्वनीचा पडदा की दोन बिंदू?

या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी पुढे आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामाचा रोख मोठ्या सभागृहाकडे होता. वाद्यवृंदासमोर मायक्रोफोनांचा अखंड पडदा आणि सभागृहात तितक्याच ध्वनिक्षेपकांचा पडदा, ही त्यामागील आदर्श कल्पना होय. व्यवहारात ती तीन वाहिन्यांवर आणण्यात आली. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये टेलिफोनच्या तारांद्वारे ऐकवण्यात आला. तेथील नियंत्रण स्वतः लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या हाती होते. मध्यभागी तिसरा ध्वनिक्षेपक असल्यामुळे बाजूला बसलेल्या श्रोत्यालाही रंगमंचाचा मध्य मध्येच राहिल्यासारखा वाटतो, हे या मांडणीचे सामर्थ्य होते.

इंग्लंडमध्ये ई.एम.आय. या कंपनीतील अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी १४ डिसेंबर १९३१ रोजी स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला होता. त्यांचा मार्ग निराळा होता. ध्वनिक्षेपकांतून येणारा प्रत्येक ध्वनी दोन्ही कानांना ऐकू येतो. म्हणून दोन ध्वनिक्षेपकांच्या तीव्रतेत योग्य फरक ठेवला, तर कमी कंप्रतेला कानांशी अपेक्षित कलाभेद आपोआप निर्माण होतो, असे त्यांनी दाखवले. जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी ॲबे रोड येथे टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे प्रायोगिक स्टिरिओ मुद्रण केले. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान झालेल्या विमान अपघातात ब्लमलाइन यांचा वयाच्या ३८ व्या वर्षी मृत्यू झाला.

या दोन उत्तरांतून घरगुती श्रवणासाठी दुसरे टिकले, याचे कारण बव्हंशी तबकडीच्या रचनेत आहे. तबकडीवरील व्ही आकाराच्या खाचेला दोनच भिंती असतात. प्रत्येक भिंतीवर एक, अशा दोन वाहिन्या कोरण्याची पद्धत ब्लमलाइन यांच्या स्वामित्वपत्रात होतीच. वेस्ट्रेक्स कंपनीने ती १९५७ मध्ये व्यवहारात आणली आणि १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळल्या. खाचेत तिसऱ्या वाहिनीला जागा नव्हती. घरातील ध्वनिक्षेपकांची संख्या अशा रीतीने दोनवर स्थिर झाली.

३. कोपऱ्यातून बाहेर

एकवाहिनी काळात ध्वनिक्षेपकाची उत्तम जागा कोपरा ही होती. कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती ध्वनीला अष्टमांश अवकाशात कोंडतात, त्यामुळे खर्ज भरदार होतो. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३० च्या दशकात कोपऱ्यात ठेवायचा कर्णा बनवला. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांच्या १९४६ पासून विक्रीस आलेल्या कर्ण्याने तर भिंतींनाच आपल्या मुखाचा भाग बनवले.

स्टिरिओ आल्यावर हाच गुण दोष ठरला. खोलीचे दोन कोपरे किती दूर असावेत हे घर बांधणारा ठरवतो. अंतर फार झाले की ध्वनी दोन टोकांना साचतो आणि मध्ये पोकळी राहते. ही पोकळी भरण्यासाठी क्लिप्श यांनी १९५७ मध्ये मधला तिसरा ध्वनिक्षेपक बाजारात आणला. याउलट एकाच लाकडी पेटीत दोन्ही ध्वनिक्षेपक बसवलेल्या रेडिओग्राममध्ये अंतर इतके कमी असे की स्टिरिओचा विस्तार जाणवत नसे. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज मिळवून दाखवला होता. त्यामुळे कोपऱ्याची सक्ती संपली आणि पेटी हवी तेथे ठेवता येऊ लागली.

परंतु भिंतीपासूनची सुटका पूर्ण नव्हती. ध्वनिक्षेपक मागील भिंतीपासून १ मीटर पुढे ठेवल्यास भिंतीवरून परतणारा ध्वनी २ मीटर अधिक अंतर कापतो. सुमारे ८६ हर्ट्झला, म्हणजे ४ मीटर तरंगलांबीला, तो थेट ध्वनीच्या विरुद्ध कलेत येऊन त्याला क्षीण करतो. खोलीच्या सीमांचा हा परिणाम रॉय ॲलिसन यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडला. ध्वनिक्षेपकाचे जमिनीपासून, मागील भिंतीपासून व बाजूच्या भिंतीपासूनचे अंतर समान नसावे, हा व्यावहारिक नियम यातूनच समजतो. अंतरे समान असल्यास तिन्ही खड्डे एकाच कंप्रतेवर पडतात.

४. समभुज त्रिकोण आणि त्याची किंमत

१९४९ मध्ये गॉटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी सादर केलेल्या प्रबंधाने दुसरी मर्यादा स्पष्ट केली. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून सुमारे १ ते ३० मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर तो आधी पोहोचलेल्या दिशेनेच आल्याचे श्रोत्याला वाटते. ध्वनी १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन ध्वनिक्षेपक व श्रोता हे समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर असताना श्रोता दीड वीत बाजूला सरकला, तरी जवळजवळ तितकाच मार्गभेद पडतो आणि मध्यभागी भासणारा गायक जवळच्या पेटीत जाऊन बसतो. डावा व उजवा ध्वनिक्षेपक श्रोत्याशी ६० अंशांचा कोन करतील अशी ही मांडणी पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९२ च्या शिफारशीतही संदर्भ म्हणून स्वीकारली गेली.

या संदर्भात पूर्ण पल्ल्याच्या ध्वनिक्षेपकाचे महत्त्व ध्यानात घ्यावे लागते. १९२५ मध्ये राइस व केलॉग यांनी मांडलेल्या कागदी शंकूच्या रचनेतून विकसित झालेल्या या प्रकारात खर्जापासून तारस्वरापर्यंत सर्व ध्वनी एकाच शंकूतून निघतो. उगम एकच असल्याने ध्वनिप्रतिमा रेखीव उमटते. १९४७ मध्ये टॅनॉय कंपनीने एकाच अक्षावर दोन ध्वनिक्षेपक बसवले, त्यामागेही एकाच उगमाचे तत्त्व होते. मात्र १०,००० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ सेंटिमीटर असते आणि २० सेंटिमीटर व्यासाचा शंकू अशा ध्वनीला झोतासारखा सरळ फेकतो. म्हणून पेट्या आतील बाजूस वळवून त्यांचे अक्ष श्रोत्याच्या किंचित पुढे छेदतील असे ठेवतात. अशा मांडणीत श्रोता उजवीकडे सरकला, तर तो उजव्या पेटीच्या झोताबाहेर पडतो आणि डाव्या पेटीच्या झोताजवळ येतो. कालभेदाने झालेली हानी तीव्रतेने अंशतः भरून निघते व ऐकण्याची जागा थोडी रुंदावते.

निष्कर्ष

बेल प्रयोगशाळेची तीन वाहिन्यांची कल्पना नष्ट झाली नाही. १९४० चा ‘फँटेशिया’ आणि १९५३ पासूनचे सिनेमास्कोप चित्रपट यांनी पडद्यामागे मध्यवर्ती ध्वनिक्षेपक राखला, कारण तेथे श्रोते अनेक होते. घरात मात्र खाचेच्या दोन भिंतींनी दोन ध्वनिक्षेपक ठरवले आणि त्या दोहोंनी एक आसन. आप्तांनी भोवती बसून ऐकावयाचा ग्रामोफोन अशा रीतीने एका व्यक्तीच्या अचूक श्रवणाचे साधन बनला. ही परिणती कोणी हेतुतः योजली नव्हती. रंगमंचाच्या दोन बाजूंना दोनच ध्वनिक्षेपक असलेल्या सभागृहातही हाच नियम लागू पडतो : कडेच्या रांगांतील श्रोत्याला वक्त्याचा आवाज व्यासपीठावरून न येता जवळच्या पेटीतून येतो. ध्वनिक्षेपक कोठे ठेवावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाही; ऐकण्याचा अधिकार किती जणांना द्यावयाचा, हे त्यात आधीच ठरलेले असते.