सही, कॅप्चा आणि पापणी

समोरचा माणूस तोच आहे ना, ही बँकेची जुनी शंका. अंध ग्राहकाची वाट या शंकेनेच अडवली, तीही संकेतस्थळं येण्याच्या कितीतरी आधी. दृष्टिहीनाची सही दर वेळी जुळेल कशी, त्याला कुणी फसवलं तर जबाबदार कोण, असं म्हणत आपल्या बँका चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारत. काळजीच्या नावाखाली सरळ नकार! अपंग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांनी २००५ मध्ये याविरुद्ध आदेश दिला. जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि चेक, एटीएम, लॉकर, कर्ज, नेटबँकिंग यांतलं काहीही नाकारायचं नाही असं बजावलं.

संकेतस्थळाचा हक्क अमेरिकेत आला तो एटीएमच्या भांडणातून. कॅलिफोर्नियातल्या अंध ग्राहकांना बोलतं एटीएम हवं होतं. त्यांच्या वकील लेनी फाइनगोल्ड यांनी खटला न भरता बँकांशी बोलणी केली. मार्च २००० मध्ये बँक ऑफ अमेरिकाशी करार झाला, त्यात एटीएमबरोबर संकेतस्थळही होतं. त्यासाठी मोजपट्टी तयारच होती. चित्राला मजकुराचा पर्याय द्या, माउसशिवाय काम करता येऊ द्या, असे वेबचे सुगम्यतेचे नियम १९९९ मध्येच ठरले होते. आपल्याकडे युनियन बँकेचं पहिलं बोलतं एटीएम अहमदाबादेत २०१२ साली सुरू झालं.

नेटबँकिंग मात्र कागदावर खुलं आणि पडद्यावर बंद. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर पान वाचून दाखवतो, पण बटनाला नावच दिलेलं नसेल तर नुसतं ‘बटन’ म्हणतो. ‘पैसे पाठवा’ही बटन आणि ‘रद्द करा’ही बटन. दाबायचं कुठलं? त्याआधी कॅप्चा असतो. ती वाकडीतिकडी अक्षरं यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणूनच काढलेली, आणि अंध माणूस वाचतो यंत्राकडूनच. आवाजी पर्याय नसेल तर तो दारातच अडकला.

मग व्हिडिओवरचं केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणं, आलं. जिवंत असल्याची खूण म्हणून पापणी मिटून दाखवायची. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते शक्य नव्हतं. त्यांची आणि मुंबईचे दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एकत्र ऐकली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि वीस निर्देश दिले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने केवायसीचे नियम बदलले, सेबीनेही परिपत्रक काढलं.

तेव्हा आता नियमांची वानवा नाही, ते पाळले जातात का ते बघणाऱ्यांची आहे. आपल्या बँकेचं ॲप टॉकबॅक हा अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर लावून, पडद्याकडे न पाहता एकदा वापरून बघा (टॉकबॅक बंद कसं करायचं ते आधी शिकून घ्या, नाहीतर पंचाईत होईल). शिल्लकसुद्धा कळली नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करा.