अन्तरट्ठक रात्री आणि वऱ्हाडातील माघ

११ फेब्रुवारी २०१८ रोजी, माघ वद्य पक्षात, अकोला व अमरावती जिल्ह्यांत अकस्मात वादळी वारा सुटून गारपीट झाली. हरभरा, गहू आणि संत्र्याच्या बागा यांना तिचा तडाखा बसला. वऱ्हाडात बर्फ पडत नाही. हिवाळ्याचा आकस्मिक मारा येतो तो गारांच्याच रूपाने.

पालि वाङ्मयात याच सुमाराच्या रात्रींना 'अन्तरट्ठक' ही संज्ञा आहे. अट्ठकथेनुसार माघाचे अखेरचे चार आणि फाल्गुनाचे आरंभीचे चार असे हे आठ दिवस होत. त्यांस 'हिमपातसमय' म्हटलेले आढळते. याचे भाषांतर 'बर्फ पडण्याचा काळ' असे करणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटत नाही. वैशाली गंगेच्या मैदानात आहे. तेथे कडाका असतो, बर्फ नसतो. आपला 'हीव' हा शब्द 'हिम' याचेच प्राकृतातून आलेले रूप होय. 'हीव पडण्याचा काळ' म्हटले की आपल्या वाचकास अर्थ सहज उमगतो.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात हत्थक आळवक अशाच रात्रीचे वर्णन करतो: गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, पानांचे पातळ अंथरूण आणि 'वेरम्भ' नावाचा थंड वारा. अशा स्थितीत सुखाने झोप लागली काय, असे तो भगवंतांना विचारतो. भगवंतांचे उत्तर होकारार्थी आहे.

परंतु यावरून तथागतांना थंडी वाजतच नव्हती असा समज करून घेणे चूक ठरेल. विनयपिटकातील महावग्ग वेगळेच सांगतो. राजगृहाहून वैशालीस जाताना भिक्खू डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी वाहून नेताना त्यांना दिसले. मर्यादा घालणे आवश्यक होते. पण ती किती असावी? त्यासाठी भगवंत वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी अन्तरट्ठक रात्री उघड्यावर एकच चीवर घेऊन बसले. पहिला प्रहर संपताच थंडी जाणवली, तेव्हा दुसरे पांघरले. मध्यम प्रहर संपल्यावर तिसरे. पहाटे अरुणोदयी चौथे. नियम अंदाजाने झाला नाही, की देहदंडाच्या हौसेने झाला नाही. थंडीने लवकर काकडणाऱ्या, थंडीला भिणाऱ्या कुलपुत्रांचेही भागावे, हा विचार त्यामागे स्पष्ट नमूद आहे.

चीवरे चार लागली आणि अनुज्ञा तिहींची, हा विरोध वरवरचा आहे. अन्तरवासक एकपदरी, उत्तरासंग एकपदरी. संघाटी मात्र दुपदरी सांगितली आहे. पदर मोजले तर चारच भरतात.