साउंड कार्ड

साउंड कार्ड हा संगणकाचा एक भाग आहे. तो अंकीय स्वरूपात साठवलेल्या ध्वनीचे विद्युत संकेतांत, तसेच मायक्रोफोनकडून आलेल्या विद्युत संकेतांचे अंकीय स्वरूपात रूपांतर करतो. पूर्वी साउंड कार्ड म्हणजे मदरबोर्डवरील खाचेत बसवायचे स्वतंत्र कार्ड असे. आज बहुतेक संगणकांत हेच काम मदरबोर्डवरील एक चिप करते. यूएसबीद्वारे बाहेरून जोडायच्या उपकरणास सामान्यतः 'डॅक' म्हटले जाते. हेडफोनने ऐकताना आवाजाची प्रत साउंड कार्डावर काही अंशी अवलंबून असते. मात्र जाहिरातींतील बिट व किलोहर्ट्झ यांच्या आकड्यांपेक्षा उपकरणातील खरखर, विवर्धकाची (ॲम्प्लिफायरची) क्षमता आणि हेडफोनशी जुळणारा मेळ या गोष्टींना अधिक महत्त्व आहे.

इतिहास

सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांत केवळ 'बीप' असा आवाज काढणारा लहान स्पीकर असे. १९८७ मध्ये कॅनडातील ॲडलिब या कंपनीचे संगीत वाजवणारे कार्ड बाजारात आले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीने 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड आणले. त्यात संगीताबरोबरच ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय होती. १९९२ च्या 'साउंड ब्लास्टर १६' या कार्डाने सीडीच्या दर्जाचा १६ बिटचा ध्वनी घरगुती संगणकावर आणला.

इंटेल कंपनीने १९९७ मध्ये 'एसी ९७' व २००४ मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ' ही मानके प्रसिद्ध केली. त्यानंतर मदरबोर्डवरच ध्वनीची चिप देण्याची पद्धत रूढ झाली आणि स्वतंत्र कार्डांची मागणी घटली. यूएसबी ध्वनी उपकरणांचे पहिले मानक १९९८ मध्ये तयार झाले. त्यामुळे संगणक न उघडता बाहेरून साउंड कार्ड जोडणे शक्य झाले.

रचना व कार्य

हेडफोनच्या दृष्टीने साउंड कार्डाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग, म्हणजे परिवर्तक, अंकांचे विद्युत दाबात रूपांतर करतो. दुसरा भाग म्हणजे विवर्धक. तो या क्षीण संकेताला हेडफोन हलवण्याइतके बळ देतो. आजचे स्वस्त परिवर्तकही पुरेसे अचूक असतात. उणीव राहते ती बहुधा विवर्धकात किंवा विद्युत मंडलाच्या मांडणीत.

बिट व किलोहर्ट्झ

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यासाठी १६ बिट वापरले जातात. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची वारंवारता नोंदवता येते. म्हणजे सीडीवर सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. माणसाच्या श्रवणाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असून ती वयाबरोबर खाली येते. १६ बिटमुळे सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते. २४ बिटमध्ये ते सिद्धान्ततः १४४ डेसिबल होते. ध्वनिमुद्रण व संपादन करताना याचा उपयोग होतो, परंतु केवळ ऐकणाऱ्यास त्याचा लाभ क्वचितच जाणवतो.

या विषयावर बरेच संशोधन झाले आहे. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मर्यादेत आणलेले रूप यांतील फरक ओळखायचा होता. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणेफेकीतही साधारण इतकीच उत्तरे बरोबर येतात. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून असा फरक ओळखता येण्याचे प्रमाण ५२.३ टक्के असल्याचे मांडले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. फरक असलाच तरी तो सूक्ष्म आहे, हे दोन्ही अभ्यासांतून दिसते.

हेडफोनशी मेळ

हेडफोनच्या माहितीपत्रकात संरोध (इम्पिडन्स) ओहममध्ये व संवेदनशीलता डेसिबलमध्ये दिलेली असते. मोबाइलसाठीचे हेडफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे, तर स्टुडिओत वापरले जाणारे काही हेडफोन २५० ते ६०० ओहमचे असतात.

समजा, १ मिलिवॅटला १०० डेसिबल आवाज देणारे दोन हेडफोन आहेत. एक ३२ ओहमचा व दुसरा ३०० ओहमचा आहे. संगीतातील क्षणिक जोरकस आवाजासाठी ११० डेसिबलपर्यंत जायचे असल्यास दोघांनाही १० मिलिवॅट शक्ती लागते. त्यासाठी पहिल्याला सुमारे ०.५७ व्होल्ट, तर दुसऱ्याला सुमारे १.७३ व्होल्ट हवे असतात. ज्या संगणकातून जास्तीत जास्त १ व्होल्ट मिळतो, तो पहिल्याला पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. अशा वेळी स्वतंत्र विवर्धक असलेले उपकरण घेणे सयुक्तिक ठरते.

साउंड कार्डाचा स्वतःचा निर्गम संरोधही पाहावा लागतो. तो हेडफोनच्या संरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यवहारात मानला जाणारा नियम आहे. त्यानुसार ३२ ओहमच्या हेडफोनसाठी तो ४ ओहमपेक्षा कमी हवा. तो जास्त असल्यास काही हेडफोनांत खर्जाचे व मधल्या पट्टीतील आवाजाचे प्रमाण बदलते.

खरखर व गुणगुण

मदरबोर्डवरील इतर भागांच्या विद्युत हालचालींमुळे हेडफोनमध्ये बारीक खरखर ऐकू येऊ शकते. माउस हलवताना किंवा फाइल उघडताना ती बदलत असल्यास तिचा उगम संगणकाच्या आत आहे, असे समजावे. डेस्कटॉप संगणकात पुढील बाजूच्या छिद्राऐवजी मागील छिद्रात हेडफोन जोडल्यास ती अनेकदा कमी होते. स्वतंत्र वीजजोड असलेला विवर्धक वापरताना अर्थिंग सदोष असल्यास ५० हर्ट्झची व तिच्या पटीतील गुणगुण येते. लॅपटॉप काही वेळ बॅटरीवर चालवून पाहिल्यास दोष वीजजोडात आहे की नाही, हे कळते. ख्यालातील संथ आलापीत गायकाच्या विरामांतून तंबोऱ्याचा मंद नाद ऐकू येतो. खरखरीत प्रथम हाच नाद हरवतो.

साउंड कार्ड केव्हा निरुपयोगी ठरते

ब्लूटूथ व यूएसबी हेडफोनांत परिवर्तक व विवर्धक अंगभूत असतात. संगणकातील साउंड कार्ड बदलल्याने त्यांच्या आवाजात फरक पडत नाही. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन चालू होताच अनेक संगणकांवर आवाजाची प्रत दूरध्वनीसारखी होते. ऑनलाइन वर्गात येणारी ही अडचण तारेचा हेडफोन वापरल्यास दूर होते.

मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादाही साउंड कार्डाने ओलांडता येत नाही. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) नाट्यपदे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी कर्ण्यातून मुद्रण होई व त्यात उच्च वारंवारतेचा बराचसा भाग टिपलाच जात नसे. अशा मुद्रणासाठी १९२ किलोहर्ट्झच्या उपकरणावर खर्च करण्यात अर्थ नाही.

दृष्टिहीन वापरकर्ते

दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर हेडफोनवर ऐकतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेले 'एनव्हीडीए' हे त्यांपैकी एक निःशुल्क सॉफ्टवेअर असून त्यातून मराठी मजकूरही ऐकता येतो. काही साउंड कार्डे वीज वाचवण्यासाठी शांततेत निद्रावस्थेत जातात व पुन्हा जागी होताना आवाजाचा पहिला अंश गाळतात. मराठीत नकार पुष्कळदा शब्दाच्या पहिल्याच अक्षरात असतो. 'अमान्य' चे 'मान्य' व 'असत्य' चे 'सत्य' ऐकू आल्यास अर्थ उलटा होतो. या वापरासाठी वीजबचतीची सोय बंद करता येणारे किंवा सतत जागे राहणारे उपकरण निवडणे हीच पहिली अट ठरते.

निवडीचा क्रम

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी वेगवेगळी उपकरणे ऐकून पाहण्याची सोय नसेल, तर पुढील क्रमाने विचार केल्यास अनावश्यक खर्च टळतो.

• प्रथम आहे त्या संगणकावर ध्वनिवर्धनाच्या सर्व कृत्रिम सोयी बंद करून ऐकावे.
• खरखर नसेल व आवाज पुरेसा असेल, तर उपलब्ध रक्कम चांगल्या हेडफोनवर खर्च करावी. आवाजात सर्वाधिक फरक हेडफोनने पडतो.
• खरखर असल्यास साधा यूएसबी डॅक पुरेसा असतो.
• आवाज कमी पडत असल्यास हेडफोनचा संरोध पाहून विवर्धकयुक्त उपकरण घ्यावे.
• दोन उपकरणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'अधिक चांगला' वाटतो.

श्रवणसुरक्षा

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्यात ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. आवाज १० डेसिबलने वाढल्यास हा अवधी एक दशांश, म्हणजे ४ तास, उरतो. प्रबळ विवर्धक कमी संरोधाच्या हेडफोनला जोडताना आवाज आधी पूर्ण कमी करावा व मग हळूहळू वाढवावा.

हे सुद्धा पहा

• हेडफोन
• ध्वनिमुद्रण
• डेसिबल
• यूएसबी