लोबानचं खानदान

जुमेरातीच्या संध्याकाळी आपल्याकडे कितीतरी घरांत लोबान जळतो. गुग्गुळ त्यांचा, लोबान आमचा, असं दोन्हीकडची माणसं सहज बोलून जातात. मी लोबानचं खानदान शोधायला बसलो, तेव्हा ही वाटणी काही टिकेना.

मूळ शब्द अरबी, 'लुबान'. दूध आणि पांढरेपणा सांगणाऱ्या धातूपासून तो आला. ओमानच्या धोफार भागात या झाडाच्या सालीवर चीर दिली की दुधासारखा चीक पाझरतो आणि काही दिवसांत वाळून त्याचे खडे होतात. इस्लामच्या कितीतरी आधीपासून हे खडे उंटांवरून आणि जहाजांतून रोमपर्यंत जात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात हा व्यापार नोंदलेला आहे. आपलं कल्याण बंदरही त्याच ग्रंथात भेटतं. पुढे इब्न सिना (980–1037) यांनी 'अल-कानून'मध्ये 'कुंदुर' या नावाने त्याचे औषधी उपयोग सांगितले. संस्कृतातही 'कुंदुरु' आहेच.

अरब व्यापारी सुमात्राला गेले, तेव्हा तिथे निराळ्याच झाडाचा सुगंधी डिंक मिळाला. त्याला ते 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान म्हणू लागले. चौदाव्या शतकात इब्न बतूता यांनीही त्याविषयी लिहिलं. युरोपात या नावातला 'लु' गळाला आणि 'बेन्झॉइन' झालं. 1833 च्या सुमारास मित्शरलिख या जर्मन रसायनतज्ज्ञाने त्यातल्या आम्लापासून एक द्रव मिळवला आणि त्याला 'बेन्झिन' म्हटलं. आज जर्मनीत पेट्रोललाही हाच शब्द आहे!

आपल्या बाजारात 'लोबान' म्हणून बहुधा हा सुमात्राकडचाच डिंक मिळतो. वनस्पतिशास्त्रात त्याचं कूळ वेगळं. धोफारचा लोबान, देवळातला गुग्गुळ आणि आपल्या सातपुड्यातली सालई मात्र एकाच कुळातली. त्यातही सालई म्हणजे लोबानची सख्खी बहीण. म्हणजे अरबस्तानच्या असली लोबानला आपल्या दुकानातल्या लोबानपेक्षा देवळातला गुग्गुळच जवळचा!

सालईच्या डिंकाला आज सांधेदुखीच्या औषधांसाठी मोठी मागणी आहे. पण चिरांमागून चिरा देत राहिलं, झाडाला विसावा दिला नाही, तर ते खंगतं. धूर कुणाचा, यावर आपण वाद घालत बसलो, तर झाडाकडे पाहणार कोण?